माडीवरची खोली गार का पडते?

नांदेड-लातूरकडे घर बांधताना आपण उन्हाळ्याचाच हिशेब करतो. परंतु डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की जुन्या घराच्या माडीवर झोपणे कठीण होते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी आपल्यापैकी अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची घरे आहेत. वरच्या गारठ्याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना व लेकरांना जास्त होतो.

पूर्वी अशा घरांवर माळवद असे. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. दिवसा तापलेली ही माती रात्री हळूहळू ऊब सोडी. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अनेकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. ते योग्यच झाले. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पाच टनांहून अधिक वजन होते!

मात्र पत्रा ऊब धरून ठेवत नाही. निरभ्र रात्री तो आपली उष्णता आकाशाकडे सोडतो व बाहेरच्या हवेहूनही थंड होतो. पहाटे त्याखाली जे पाणी ठिबकते ते गळतीचे नसते. श्वासाची व स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्यावर जमते. वर कापडाचे तागे ठेवले असतील तर त्यांवर डाग पडतात.

मग माती परत न चढवता ऊब कशी राखावी? याचे उत्तर पिंजाऱ्याच्या कामात आहे. जुनी रजई दबली की थंडी वाजते. पिंजारी तोच कापूस पिंजून पुन्हा भरतो. वजन तेवढेच राहते, पण रजई उबदार होते, कारण कापसाच्या तंतूंत हवा अडकते. अडकून पडलेली हवा उष्णता सहजी जाऊ देत नाही. पत्र्याखालीही आपल्याला हेच करायचे आहे.

पत्र्याखाली चार-सहा इंच जागा सोडून हलकी चौकट ठोकावी. तीत दोन इंची थर्माकोल किंवा ग्लासवूल बसवून खालून जिप्समचे बोर्ड लावावेत. बोर्डांचे सांधे नीट बुजवावेत, म्हणजे खोलीतील वाफ वर जाणार नाही. वरच्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीचे झरोके ठेवावेत. दाराखालची व खिडकीच्या चौकटीची फट बंद करावी. हे काम स्वस्तात होते आणि फरक त्याच रात्री कळतो.

काही गोष्टी आम्ही आग्रहाने सांगतो. शिंपीकामातल्या चिंध्या छतात कोंबू नयेत. आग, ओल आणि उंदीर तिन्हींना आमंत्रण मिळते. थर्माकोल पेटतो व विषारी धूर सोडतो, म्हणून तो उघडा ठेवू नये. विजेच्या तारा पाइपातून न्याव्यात. लाकूडकाम जुने असल्यास आधी जाणत्या मिस्त्रीला दाखवावे. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्या वायूला वास नसतो; झोपलेले माणूस उठतच नाही.

हेच छत मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची झळही अडवते. एकदा केलेला खर्च दोन्ही ऋतूंत उपयोगी पडतो, हे हिशेबी माणसाने ध्यानात घ्यावे.