बोलक्या भिंती आणि रंगातले शिसे

‘जालना, सोन्याचा पाळणा’ असे पूर्वापार म्हटले जाते. पाळण्यातले मूल मोठे झाले की घराबाहेरचे त्याचे पहिले ठिकाण बहुधा अंगणवाडी. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून वजन, लसीकरण, पूरक आहार ही कामे या अंगणवाड्यांशी जोडलेली आहेत.

बालकांच्या तपासणीसाठी फिरताना मला एक गोष्ट नेहमी दिसते. ज्या अंगणवाडीच्या भिंतीवर मोर, बैलगाडी, मोसंबीचे झाड रंगवलेले असते, तिथे मूल आईचे बोट सोडून आपणहून आत जाते. मूल रमले की आईही घटकाभर टेकते. मग वजन घेणे, आहाराविषयी दोन शब्द सांगणे सोपे होते. या ‘बोलक्या भिंती’ म्हणजे नुसती शोभा नव्हे.

गावाने मिळून भिंत रंगवावी. चित्रे मुलांच्या नजरेच्या उंचीवर, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर काढावीत. आजीबाईंची ठिपक्यांची रांगोळी, पोळ्याचा बैल यांनाही जागा द्यावी. अंगणात लंगडीचे चौकोन, पावलांच्या खुणा आखाव्यात. १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान ३ तास हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे.

मात्र रंग निवडताना सावध राहावे. पिवळ्या, नारिंगी, लाल तैलरंगांत झळाळीसाठी शिशाची संयुगे वापरली जात. लहान मुले भिंतीला हात लावतात, तोच हात तोंडात घालतात. मोठ्यांच्या मानाने मुलांच्या शरीरात शिसे चार-पाच पट अधिक शोषले जाते. लोह व कॅल्शियम कमी असलेल्या, कुपोषित बालकांत तर आणखी जास्त. त्याने रक्तक्षय होतो, बुद्धीची वाढ खुंटते आणि ही हानी भरून येत नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही.

१ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक शिसे असण्यास मनाई आहे. पण हा नियम औद्योगिक रंगांना लागू नाही. आपले शहर लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचे. यंत्रे, पत्रे रंगवून उरलेला डबा कोणी सद्‌भावनेने देऊ केला, तरी तो अंगणवाडीच्या भिंतीला किंवा झोपाळ्याला लावू नये.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा :

- डब्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा.
- जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा. त्या वेळी मुले व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे. पोपडे गोळा करून टाकावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी.
- खाण्यापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावेत.
- आहारात हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, दूध असावे.

भिंत बोलकी हवीच, पण तिच्यावरचा रंग बाळाच्या पोटात जाता कामा नये.