कुपीतला साग आणि रानातला साग

गोमंतकातील जुन्या देवालयांच्या सभामंडपातील खांब आणि वाड्यांच्या तुळया पाहिल्या म्हणजे त्या काळी किती सरळसोट वृक्ष या भूमीत उभे होते याची कल्पना येते. तसा साग किंवा शिसव आज शोधूनही सापडणे कठीण. याचे कारण केवळ रान घटले एवढेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाडीने जे उत्तम तेच निवडले. सरळ खोडाचे झाड तोडले गेले आणि वाकडे, बेचक्याचे, पोकळ तेवढे मागे राहिले. ज्यांना कोणी हात लावला नाही त्यांचेच बी रानात पडत राहिले. हा उलटा क्रम सुलटा करण्याचे एक साधन विज्ञानाने आता आपल्या हाती दिले आहे. ऊतिसंवर्धन, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले 'टिश्यू कल्चर', हे ते साधन होय. त्याचे सामर्थ्य किती आणि मर्यादा कोणत्या, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सागाची लागवड बियांपासून करण्यात अडचणी पुष्कळ. त्याच्या फळाचे कवच दगडासारखे टणक असते. ते कित्येक दिवस आळीपाळीने भिजवावे आणि उन्हात वाळवावे लागते, आणि एवढे करूनही उगवण बेताचीच होते. शिवाय सागाचे फलन बहुतांशी दुसऱ्या झाडाच्या परागाने होते. त्यामुळे आई कितीही गुणवान असली तरी संतती तशीच निपजेल याची शाश्वती नसते. मानकुरादाची कोय पेरून मानकुराद मिळेलच असे नाही, हे आपल्या बागायतदारांना सांगावे लागत नाही. म्हणून तर ते कलम बांधतात. ऊतिसंवर्धन हे या कलमविद्येचेच पुढचे पाऊल म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की, येथे फांदीऐवजी अंकुराचा लहानसा तुकडा पुरतो आणि एका अंकुरापासून हजारो रोपे होऊ शकतात.

वनस्पतीची एकटी पेशीही पोषक द्रवात वाढविता येईल, हा विचार ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी १९०२ साली मांडला. तो प्रत्यक्षात यावयास अर्धशतक जावे लागले. मुळे फोडणारे आणि कोंब फोडणारे अशा दोन प्रकारच्या संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच ऊतीतून कधी मूळ तर कधी कोंब निघतो, हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली तंबाखूवर दाखविले. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये सिद्ध केलेले पोषक माध्यम तर आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

तंबाखू वश झाली, पण कठीण लाकडाचे वृक्ष सहजी वश होईनात. कापलेल्या जागेतून पाझरणारी द्रव्ये काळी पडून माध्यमच विषारी करतात. जुन्या झाडाच्या अंतरंगात दडलेली बुरशी व जीवाणू कुपीत उफाळून येतात. सर्वांत मोठा पेच वयाचा. झाड गुणवान आहे की नाही हे ते प्रौढ झाल्यावरच कळते, आणि तोवर त्याच्या अंकुराची मुळे फोडण्याची शक्ती मंदावलेली असते. हा पेच सोडविण्यात आपल्या शेजारच्या पुण्याचा वाटा मोठा आहे, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हस आणि जगन्नाथन यांनी सुमारे १०० वर्षे वयाच्या निवडक सागवृक्षांपासून कुपीत रोपे तयार केल्याचे १९८० साली प्रसिद्ध केले. पुढे मलेशियाच्या साबा राज्यात फ्रेंच शास्त्रज्ञांच्या सहकार्याने अशा सागाची मोठ्या प्रमाणावर निर्मिती झाली.

विज्ञानाचे हे यश निर्विवाद आहे. तथापि ऊतिसंवर्धन नवा गुण निर्माण करीत नाही, ते केवळ प्रत काढते, हे विसरून चालणार नाही. मूळ झाड सामान्य असेल तर त्याच्या लक्षावधी प्रतीही सामान्यच निघतील. रोप कुपीत वाढले हा काही त्याच्या कुळाचा दाखला नव्हे. मातृवृक्ष कोणता, तो कोठे आहे, त्याचे वय व घेर किती, हे ग्राहकास सांगता येत नसेल तर त्या रोपाला जादा दाम मोजण्यात शहाणपणा नाही.

दुसरी गोष्ट काळाची. जातिवंत रोप जोमाने वाढेल हे खरे, परंतु सागाचे मोल त्याच्या नाराच्या, म्हणजे आतल्या गर्द लाकडाच्या ठायी असते आणि ते जमावयास वर्षे जावी लागतात. कोवळ्या सागात बाहेरचे पांढरे, वाळवीला बळी पडणारे लाकूडच अधिक. सरकारी वनांतून सागाची तोड दीर्घ मुदतीनंतर करण्याचा प्रघात पडला तो उगाच नव्हे. १९९० च्या दशकात देशात सागलागवडीच्या नावाने अल्पावधीत डोळे दिपविणाऱ्या परताव्याची आश्वासने देणाऱ्या योजनांचे पेव फुटले. अनेकांची पुंजी त्यात बुडाली आणि अखेर सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. तो धडा नव्या नावाच्या मोहात पुसला जाऊ नये.

तिसरा धोका एकसुरीपणाचा. इंग्लंडच्या ग्रामीण निसर्गाची शोभा मानला जाणारा एल्म वृक्ष म्हणजे रोमन लोकांनी द्राक्षवेलींना आधार म्हणून नेलेल्या एकाच झाडाच्या प्रती होत, असे २००४ साली जनुकांच्या तपासणीतून उघड झाले. १९७० च्या दशकात बुरशीजन्य रोगाची साथ आली तेव्हा सारे एल्म सारखेच दुबळे ठरले आणि ब्रिटनमधील दोन कोटींहून अधिक झाडे गेली. एकाच सागाच्या प्रतींनी डोंगरच्या डोंगर भरणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. कुळे अनेक असावीत, ती मिसळून लावावीत आणि त्यांच्या सोबतीस बियांपासूनची रोपेही असावीत, हाच त्यावरील उपाय.

येथे आपल्या देवरायांचे महत्त्व ध्यानी येते. प्रत काढावयास अस्सल मूळ हवे, आणि ते मूळ जर कोठे शिल्लक असेल तर कुऱ्हाडीला देवाच्या धाकाने मज्जाव झाला तेथेच. तेथे साग नसेल, पण इतर जातींचे वृद्ध, धिप्पाड वृक्ष असतात. सत्तरीतील निरंकाराच्या राईत रानटी जायफळांची दलदल टिकून आहे. तसे रान कोणत्याही कुपीत तयार होणार नाही.

म्हणून शासनाने प्रयोगशाळा अवश्य उभारावी, पण त्याआधी गोमंतकातील उत्तम वृक्षांची नोंद करून त्यांना संरक्षण द्यावे. या विद्येचा लाभ केवळ सागाला न देता मत्तीला, किंदळीला, जांब्याला आणि शिसवीलाही द्यावा. विक्रीस येणाऱ्या प्रत्येक रोपाच्या मातृवृक्षाचा दाखला सक्तीचा करावा. रस्ते आणि खाणींसाठी शतायुषी वृक्ष पाडावयाचे आणि भरपाई म्हणून कुपीतील रोपांचा आकडा दाखवावयाचा, हा हिशेब मात्र जनतेने मान्य करू नये. मूळच नाहीसे झाल्यावर प्रत काढणार तरी कशाची?