खुंटीचे बळ भिंतीत

माण नदीच्या खोऱ्यातील सांगोला तालुका पर्जन्यछायेत येतो आणि तेथील जुनी घरे या कोरड्या हवामानाला साजेशी, जाड भिंतींची व मातीच्या सपाट छताची बांधली जात. या घरांत लाकडी किंवा लोखंडी कपाट फार उशिरा आले, तोपर्यंत बरेचसे सामान भिंतीच सांभाळत होत्या. दिव्यासाठी दिवळी, लहानसहान वस्तूंसाठी कोनाडा, भांड्यांसाठी फडताळ, अंथरुणा-पांघरुणासाठी आडवी टांगलेली दांडी आणि रोज हाताशी लागणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी खुंटी अशी ती व्यवस्था होती. स्लॅबच्या घरांत जागेची टंचाई भासू लागल्यावर ओबडधोबड लाकडाच्या, घडीव लोखंडाच्या, जुन्या वळणाच्या खुंट्यांना पुन्हा मागणी येऊ लागली आहे, आणि ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र ही निवड बहुधा खुंटीचे रूप पाहून होते. वास्तविक खुंटी किती टिकेल हे तिच्या दिसणाऱ्या भागापेक्षा भिंतीत गेलेल्या भागावर आणि त्या भिंतीच्या जातीवर अवलंबून असते.

जुन्या बांधकामात ही बाब गृहीतच धरलेली असे. या भागातील माळवदाच्या घरात, म्हणजे तुळयांवर लाकडी किलचन अंथरून त्यावर मातीचा जाड थर दिलेल्या घरात, छताचा भार मुख्यतः लाकडी खांबांवर असतो. भिंती दगड-मातीच्या किंवा भेंड्यांच्या असतात. भेंडा म्हणजे पांढऱ्या मातीची, उन्हात वाळवलेली मोठी कच्ची वीट. अशा भिंतीत खुंटी मागाहून ठोकण्यापेक्षा भिंत रचली जात असतानाच दोन थरांच्या सांध्यात बसवली जाई. तिचे शेपूट, म्हणजे भिंतीत जाणारा भाग, चौकोनी ठेवले जाई, जेणेकरून ती जागच्या जागी फिरू नये. बाहेरचा भाग मात्र गोल किंवा कातीव असे आणि त्याचे टोक किंचित वर उचललेले असे, म्हणजे अडकवलेली वस्तू घसरून खाली येत नसे. वरच्या थरांचे वजन शेपटावर बसत असल्यामुळे बैलांचे कासरे, घुंगरमाळा, कंदील, पटका किंवा पावसात भिजून जड झालेली घोंगडी यांचा भार ती सहज पेलत असे.

खुंट्यांवर घर मांडण्याची ही रीत केवळ महाराष्ट्राची नाही. अमेरिकेतील शेकर या धार्मिक पंथाच्या वसाहतींत खोलीच्या चारही भिंतींना लाकडी पट्टी जडवून तिच्यात ओळीने खुंट्या बसवत आणि झाडलोट करताना खुर्च्यासुद्धा त्यांवर टांगून ठेवत. सुट्या खुंटीऐवजी पट्टीवरच्या खुंट्या वापरल्या की भार अनेक ठिकाणी वाटला जातो, हे त्या रचनेतील तत्त्व आजच्या पातळ भिंतींच्या घरांना विशेष उपयोगी आहे.

लाकूड निवडताना सांगोल्याच्या परिसरात बाभळीचा विचार प्रथम व्हावा. गाडी आणि शेतीची अवजारे यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले हे लाकूड कठीण व चिवट आहे. मात्र वापरायचा तो त्यातील तांबूस गाभा, कारण सालीलगतच्या फिकट भागाला कीड लवकर लागते. सागवान वजनाने हलके, घडवायला सोपे आणि वाळवीला बऱ्यापैकी दाद न देणारे असते, तर पाडलेल्या घराच्या जुन्या तुळया किंवा चौकटी मिळाल्यास त्या पूर्ण वाळलेल्या असल्यामुळे सर्वांत उत्तम ठरतात. ओल्या लाकडाची खुंटी कधीही बसवू नये, कारण चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात ती आकसते आणि भोकात सैल होते. लाकडाचे तंतू खुंटीच्या लांबीच्या दिशेने धावत आहेत ना, हेही पाहावे. ते आडवे असतील तर खुंटी भाराखाली कडकन मोडते. फांदीच्या नैसर्गिक बेचक्यातून केलेली खुंटी भक्कम ठरते ती याच कारणाने, कारण तिच्या वळणातून तंतू अखंड गेलेले असतात. तेच वळण सरळ फळीतून कापून काढले तर तंतू तुटतात आणि ऐन वाकाच्या जागी ती कमकुवत होते.

लोखंडी आकड्यांच्या बाबतीत ओतीव आणि घडीव हा भेद ध्यानात ठेवावा. ओतीव आकडा साच्यात ओतलेला असतो. तो नक्षीदार असला तरी ठिसूळ असतो आणि जोराचा धक्का बसल्यास तुटतो. घडीव आकडा लोहार लोखंड तापवून, ऐरणीवर ठोकून वळवतो, त्यामुळे जादा भार पडल्यास तो तुटण्याआधी वाकतो आणि वेळीच इशारा देतो. गरम आकड्यावर जवसाचे तेल चढवले की त्यावर काळसर थर बसतो आणि कोरड्या खोलीत गंज लांब राहतो. न्हाणीघरात मात्र हा थर पुरेसा ठरत नाही, तेथे पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. आकड्याचे टोक गोल वळवलेले असावे, कारण अणकुचीदार टोकाने लोकरीचे व सुती कापड ताणले जाते आणि फाटते.

आकड्याची पट्टी किती उंच असावी, याचे साधे गणित आहे. भिंतीपासून 10 सेंटीमीटर पुढे आलेल्या आकड्यावर 5 किलोची पिशवी टांगली आणि वरचा स्क्रू पट्टीच्या खालच्या कडेपासून 5 सेंटीमीटरवर असला, तर त्या स्क्रूला भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ सुमारे 10 किलोची होते. तेच अंतर 10 सेंटीमीटर केले तर ओढ 5 किलोवर येते. म्हणून आखूड पट्टीचा लांबलचक आकडा टाळावा आणि उंच पट्टीचा, कमी पुढे येणारा आकडा घ्यावा.

पक्क्या विटांच्या भिंतीवर खुंटीची पट्टी बसवताना प्रथम पाणसळ लावून आडवी रेघ आखावी. विजेच्या बटणांच्या थेट वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण भिंतीतील तारा बहुधा त्याच सरळ रेषेत गेलेल्या असतात. गिलावा, म्हणजे भिंतीवरचा सिमेंट-वाळूचा लेप, साधारण 12 ते 20 मिलीमीटर जाड असतो आणि त्याला स्वतःची फारशी पकड नसते, म्हणून भोक त्यापलीकडे विटेत जायला हवे. गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी, जेवढ्या जाडीची तेवढ्याच जाडीचे बिट वापरावे. भोक गिट्टीपेक्षा थोडे खोल ठेवावे आणि त्यातील भुकटी फुंकून काढावी, नाहीतर गिट्टी पूर्ण आत जात नाही. पट्टी 20 मिलीमीटर जाड आणि गिट्टी 40 मिलीमीटर लांब असेल, तर स्क्रू 60 मिलीमीटरहून आखूड नसावा. हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल पडते, तेथे त्या ब्लॉकसाठीच बनवलेल्या गिट्ट्या वापराव्यात आणि भार लांब पट्टीवर वाटावा.

भेंड्यांच्या किंवा दगड-मातीच्या जुन्या भिंतीला ठोक्याचे ड्रिल लावू नये. त्याच्या कंपाने माती ढासळते. तेथे सांध्यातील माती हलक्या हाताने कोरून किमान एक वीत खोल जागा करावी, ती पाण्याने ओलावावी, वाळवीपासून बचावासाठी शेपटाला डांबर लावून ते वाळू द्यावे आणि मग भुसा घालून मळलेल्या चिखलात खुंटी बसवून भोवती दगडाच्या चिपा घट्ट माराव्यात. चिखल पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर काहीही टांगू नये. भिंत फारच भुसभुशीत असेल, तर शेजारच्या दोन खांबांवर आडवी पट्टी बसवणे अधिक सुरक्षित ठरते.

मोठ्यांसाठी दीड मीटरच्या आसपास आणि मुलांसाठी एक मीटरच्या आसपास उंची ठेवली, दोन खुंट्यांत वीतभर अंतर सोडले आणि पाळणा किंवा झोपण्याची जागा यांच्यावर खुंटी येऊ दिली नाही, तर वापर सोयीचा व निर्धोक होतो. तयार नग विकत घेण्यापूर्वी घरमालकाने भिंतीवर ठिकठिकाणी बोटाने ठोकून ती भरीव आहे की पोकळ, पक्की आहे की मातीची, हे पाहावे आणि मग गावातल्या सुताराकडे व लोहाराकडे जावे. भिंत समजून घेऊन घडवून घेतलेली साधी खुंटी बाजारातील देखण्या आकड्यापेक्षा अधिक वर्षे टिकते, आणि तिच्या निमित्ताने गावातील एका जुन्या कारागिरीला कामही मिळते.