पानसे, सुखात्मे आणि उडालेलं शून्य

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातला एखादा विद्यार्थी शोधनिबंध घेऊन आला की मी शीर्षकाच्या आधी शेवटची पानं उघडतो आणि संदर्भसूचीत पानसे-सुखात्मे शोधतो. निबंध किती काळजीनं लिहिलाय, ते तिथंच कळतं.

वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेलं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९५४ साली पहिल्यांदा छापलं. वाफे पाडून घेतलेल्या प्रयोगाचे आकडे कसे तपासायचे, दोन खतमात्रांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे आपल्याकडच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यातून शिकल्या. आजही कृषिविद्येच्या निबंधात ‘साहित्य आणि पद्धती’च्या शेवटी ही जोडी बहुधा असतेच. पण मजकुरात साल १९८५ असतं आणि सूचीत १९६७. दोन्ही आवृत्त्या खऱ्या, मात्र पोरानं नेमकी कुठली पाहिली? कधी पानसेंच्या इंग्रजी आडनावातलं एखादं अक्षरच बदललेलं असतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, “सर, सीनियरच्या थिसिसमध्ये असंच होतं.” त्या सीनियरनं ते त्याच्या सीनियरकडून उचललेलं असतं. मी त्याला ग्रंथालयात पाठवतो. पुस्तक हातात घे, आतलं पान उघड, साल उतरवून आण. ज्यांच्या पद्धतीवर आपला अख्खा निकाल उभा आहे, त्यांचं नाव आणि साल तरी बरोबर जावं, असं मला मनापासून वाटतं.

उसावरचा निबंध असला तर मी पेन्सिल घेऊनच बसतो. विद्यापीठाचं ऊस संशोधन केंद्र पाडेगावला. तिथून आलेला ‘कोएम ०२६५’ हा वाण शेतकऱ्यांमध्ये ‘फुले २६५’ म्हणून ओळखला जातो. एका मुलीनं तक्त्यात वाणांचे नुसते आकडे एका रकान्यात भरले होते. एक्सेलनं पुढचं शून्य गिळलं आणि ०२६५ चं २६५ झालं. मी खूण केली, तर ती म्हणाली, “दादा, एका शून्यानं काय होतंय? सगळे दोनशे पासष्टच तर म्हणतात.”

बांधावर म्हणतात, ते ठीक. पण त्या क्रमांकातले पहिले दोन आकडे सालाचे आहेत. ‘को ८६०३२’ मधले ८६ म्हणजे १९८६, तसे ०२ म्हणजे २००२. जुन्या वाणांना साल नसायचं, नुसता अनुक्रमांक असायचा: को ४१९, को ७४०. शून्य उडालं की २००२ च्या मालिकेतला वाण त्या जुन्या पंगतीत जाऊन बसतो, आणि परराज्यातल्या वाचकाला ते कळायला मार्ग नाही. ‘को’ म्हणजे कोइमतूर. इंग्रजीत त्यातलं पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान. दोन्ही मोठी टाइप झाली की उसाच्या जागी कार्बन मोनॉक्साइड! मुलगी हसली, पण संध्याकाळपर्यंत तिनं सगळे तक्ते मुळापासून तपासून आणले.

हा त्रास जगभराचा आहे. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावं मार्च, सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसायची आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं त्या जनुकांची नावंच बदलली.

तक्त्यांवरून तर रोज वाद. मुलांना चारी बाजूंनी चौकटी हव्या असतात, संपादकांना बहुधा आडव्या तीनच रेघा: डोक्यावर, शीर्षओळीखाली आणि तळाला. सॉफ्टवेअरनं दिलेले दशांशानंतरचे चार आकडे तसेच चिकटवलेले असतात. शेतात ज्या काट्यावर धान्य मोजलं, तो काटा तरी तितकं बारीक मोजतो का? मी हे विचारलं की बहुतेक जण स्वतःच दोन आकडे खोडतात. सर्वांत जपावं लागतं ते ‘दर हेक्टरी’ दाखवणारं, हेक्टरच्या डोक्यावरचं ‘उणे एक’. एका फाइलमधून दुसरीत नेताना ते खाली उतरतं, कधी उण्याची खूणच जाते. याच आकड्यांवरून पुढं संयुक्त ॲग्रेस्कोच्या, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या, बैठकीत शिफारशी मांडल्या जातात आणि त्या विद्यापीठाच्या ‘कृषिदर्शनी’त छापून येतात. शेतकरी त्या वाचून खताची पोती आणतो.

लोणीच्या प्रवरा वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांचे निबंध आले की सगळी तऱ्हाच वेगळी. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि हस्तलिखितांसाठी एकसारखे नियम ठरवायला बसले. त्यातून रूढ झालेल्या पद्धतीत संदर्भाला नाव नाही, नंबर. सुरुवातीला एक संदर्भ घुसडला की पुढचे सगळे नंबर सरकतात. शेतीच्या निबंधांत बहुतेक ठिकाणी आडनाव आणि साल. आपल्या मुलखात ही पद्धत म्हणजे परीक्षाच. पाटील, पवार, शिंदे, जाधव! ‘पाटील आणि सहकारी, २०१५’ असे तीन-तीन निघतात, तिघंही वेगळे. मग साल तेच ठेवून मागं अ, ब, क लावायचं आणि मजकुरातला प्रत्येक पाटील शोधून त्याचं अक्षर त्याला द्यायचं.

बायकांचं दुखणं याहून खोल. एका प्राध्यापक मॅडमचे पहिले निबंध माहेरच्या आडनावानं, पुढचे सासरच्या. बढतीच्या फाइलसाठी यादी काढली तर इंटरनेटवर त्या दोन वेगळ्या बाया निघाल्या, आणि आधीचं काम आपलंच आहे हे त्यांना कागदोपत्री सिद्ध करावं लागलं. २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा आकडी ओळखक्रमांक फुकट मिळतो. आडनाव बदललं तरी तो बदलत नाही. आता मुलगी पहिला निबंध घेऊन आली की मी तिला तिथंच खुर्चीवर बसवून तो क्रमांक काढायला लावतो. फाइल त्यानंतर उघडायची.