सायकलचा टायर घेताना कड पाहा

टायर घ्यायला गेलो की आपण नख लावून पाहतो ती वरची नक्षी. नक्षी खोल, म्हणजे माल चांगला! पण तुमच्या घरी टाकून दिलेला टायर एकदा काढून बघा. नक्षी अर्धी शिल्लक असेल आणि कड मात्र तारेजवळ फाटलेली. दुधाचे कॅन, वैरणीचे भारे वाहणाऱ्या सायकलचं तर हे ठरलेलंच.

ओझं पेलते हवा, आणि हवेला धरून ठेवतो कडेतला दोरा. २८ इंची चाक किलोमीटरला सुमारे ४४५ फेरे घेतं. म्हणजे दहा किलोमीटरच्या खेपेत कडेची तीच जागा साडेचार हजार वेळा दबते. हवा कमी असली की घडी खोल पडते, दोरा तुटतो. मग ट्यूब बाहेर डोकावते आणि भर रस्त्यात फटाका!

बाजारात दोन तऱ्हा दिसतात. बदामी कडेचा टायर दिसायला देखणा, चालायला हलका. पण त्याच्या दोऱ्यावर रबराचा थर पातळ असतो. मुरमाचा एखादा धारदार खडा घासला की दोरा उघडा पडतो. काळ्या कडेत रबर जास्त आणि त्यात काजळी मिसळलेली. ही काजळी रंगासाठी नाही बरं. ती रबराला उन्हापासून वाचवते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तिथं हा फरक मोठा. ओझ्याच्या सायकलला काळी, जाड कडच घ्यावी. दोरा नायलॉनचा आहे का तेही विचारा. सुती दोरा ओल धरून कुजतो.

दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर मात्र काळा असला तरी घेऊ नका. कड बोटांनी दुमडा. बारीक भेगा दिसल्या की परत द्या.

मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. गुरुजी, सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी शाळेत त्यांच्यासाठी सावलीची जागा करावी. चार बल्ल्या आणि तुराट्यांचा मांडवही पुरे. वायरच्या ब्रेकचा रबर रिमऐवजी कडेला तर घासत नाही ना, तेही पाहावं. महिन्याभरात कड खाऊन टाकतो तो.

आणि इंजिनाच्या डिझेलचा फडका टायरवर फिरवून चमक आणायची आपली सवय सोडा. रबर त्यानं फुगतं, नरम पडतं. साधं पाणी घ्या. हवा किती भरायची तो आकडा कडेवरच छापलेला असतो.