फ्रेडी मर्क्युरी यांची एकल कारकीर्द : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा, विशेषतः रॉक संगीताचा इतिहास हा बहुतांशी समूहांचा इतिहास होय. चार-पाच वादक-गायक एकत्र येतात, एका नावाखाली गातात आणि त्या नावापुढे त्यांची व्यक्तिगत ओळख दुय्यम ठरते. अशा समूहातील एखाद्या कलावंताने स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रिका काढली की तिच्याकडे कलाकृती म्हणून पाहण्याऐवजी ‘समूहाशी झालेली फारकत’ म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला आणि श्रोत्यांनाही जडलेली आहे. ‘क्वीन’ या ब्रिटिश समूहाचे गायक, पियानोवादक व गीतकार-संगीतकार फ्रेडी मर्क्युरी (1946–1991) यांच्या एकल कारकिर्दीच्या वाट्याला हेच आले. 2018 साली प्रदर्शित झालेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाने तर हा समज जगभर दृढ केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मर्क्युरी यांची जी ओळख आज आहे, ती मुख्यत्वे या चित्रपटातून आलेली आहे. या पार्श्वभूमीवर त्यांच्या एकल निर्मितीचा कालानुक्रमे व सांगीतिक अंगाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाचगणीतील जडणघडण

मर्क्युरी यांचे मूळ नाव फारूख बलसारा. त्यांचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी झांजिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ गुजरातेतील बलसाड, म्हणजे आजचे वलसाड. आडनाव त्यावरूनच आलेले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत ठेवण्यात आले. ‘फ्रेडी’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले. पियानोचे रीतसर शिक्षणही तेथेच झाले व चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्यांनी दिल्या. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळासोबत्यांसह त्यांनी ‘द हेक्टिक्स’ हा समूह स्थापन केला. त्यात ते पियानो वाजवीत आणि क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या काळी गाजलेली गाणी हा समूह सादर करीत असे.

पाचगणीच्या या वास्तव्यावरून मर्क्युरी यांना ‘महाराष्ट्राचे सुपुत्र’ ठरविण्याचा उत्साह अधूनमधून दिसून येतो. तो बेताचाच असावा हे बरे. ते शाळेत दाखल झाले तेव्हा महाराष्ट्र राज्य अस्तित्वात यावयाचे होते. घरची भाषा गुजराती, शाळेची इंग्रजी. त्यांच्या गायकीत हिंदुस्थानी संगीताच्या खुणा शोधण्याचे प्रयत्नही फारसे फलदायी ठरत नाहीत. पाचगणीने त्यांना दिले ते निराळे, आणि तेही काही कमी नव्हे : पियानोची शिस्त, शालेय रंगमंचाचा सराव आणि आईवडिलांपासून हजारो मैल दूर राहताना स्वतःची नवी ओळख स्वतःच घडविण्याची सवय. 1963 साली ते झांजिबारला परतले. जानेवारी 1964 मधील तेथील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडमध्ये स्थलांतरित झाले. ईलिंग कला महाविद्यालयात त्यांनी रेखांकन कलेची पदविका मिळविली आणि 1970 साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासमवेत ‘क्वीन’ची स्थापना केली. जॉन डीकन हे पुढील वर्षी त्यांना येऊन मिळाले.

पेटी आणि पियानो

मर्क्युरी यांच्या रचनांचे वेगळेपण समजून घेण्यासाठी वाद्याचा विचार अपरिहार्य ठरतो. यवतमाळ, पुसद, वणी परिसरातील कोणत्याही भजनी मंडळात पेटी वाजवीत गाणारा गायक आढळतो. त्याचा उजवा हात स्वरावलीमागून चालतो, डावा हात भाता हलवितो. पेटी गळ्याच्या पाठीशी सावलीसारखी राहते. पियानोची रचना मूलतः भिन्न आहे. पट्टी दाबताच हातोडी तारेवर आघात करते आणि स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. भाता नसल्याने दोन्ही हात मोकळे असतात. त्यामुळे डाव्या हाताने खालचे स्वर व लय, उजव्या हाताने स्वरसंवाद, आणि गळ्याने या दोहोंहून स्वतंत्र अशी तिसरी चाल, अशी त्रिपदरी मांडणी एकच व्यक्ती करू शकते. पियानोवर बसून गाणे रचणारा कलावंत म्हणूनच पहिल्यापासून संपूर्ण वाद्यमेळ डोक्यात ठेवून रचना करतो.

आणखी एक बाब पेटीच्या जाणकारास चटकन पटेल. गिटारच्या सहाही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांच्या स्वरांत लावलेल्या असतात. साहजिकच गिटारवर सुचलेली गाणी त्या स्वरांना सोयीच्या पट्टीत बसतात. मर्क्युरी यांची प्रसिद्ध गाणी मात्र काळ्या पट्ट्यांकडे झुकतात. 1974 चे ‘किलर क्वीन’ मुख्यतः काळी दोनमध्ये, 1976 चे ‘समबडी टू लव्ह’ काळी चारमध्ये, तर 1975 च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा पियानोवर सुरू होणारा भाग काळी पाचमध्ये आहे. याच भागात त्यांचा डावा हात उजव्या हातावरून पलीकडे जाऊन वरचे स्वर टिपतो. गिटारवादकाला या पट्ट्या अडचणीच्या वाटतात. पियानोवादकाच्या बोटांखाली त्या सहज येतात. ‘क्वीन’च्या नादविश्वातील ताण व सौंदर्य यांचे एक कारण येथे सापडते : गाणे पियानोवर जन्मलेले आणि ते पेलावयाचे एका समर्थ गिटारवादकाने. मर्क्युरी एकटे गाऊ लागले तेव्हा हा ताणच नाहीसा झाला. त्यांच्या एकल ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन करताना हा मुद्दा दृष्टीआड करून चालत नाही.

फारकतीचा समज आणि वस्तुस्थिती

उपरोक्त चित्रपटात मर्क्युरी सहकाऱ्यांना न जुमानता एकल करार करतात, समूह दुभंगतो, आणि जुलै 1985 मधील ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमाच्या तोंडावर पश्चात्तापाने परततात, असा घटनाक्रम दाखविला आहे. नाट्य म्हणून तो परिणामकारक आहे; इतिहास म्हणून तो टिकत नाही. रॉजर टेलर यांनी ‘फन इन स्पेस’ ही पहिली एकल ध्वनिमुद्रिका 1981 मध्येच काढली होती व 1984 मध्ये त्यांची दुसरीही आली. ब्रायन मे यांचा ‘स्टार फ्लीट प्रोजेक्ट’ 1983 चा. म्हणजे एकल ध्वनिमुद्रिका काढण्यात मर्क्युरी पहिले नव्हतेच, ते या दोघांच्या मागून आले. समूहही दुभंगलेला नव्हता. 1984 मध्ये ‘द वर्क्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, जानेवारी 1985 मध्ये रिओ येथील महोत्सवात ‘क्वीन’चे गायन झाले आणि मे 1985 मध्ये हा समूह जपानमध्ये कार्यक्रम करीत होता. चित्रपटात त्यांना आपल्या आजाराची जाणीव ‘लाइव्ह एड’पूर्वीच झालेली दिसते, प्रत्यक्षात निदान 1987 चे आहे. या फेरफारामुळे स्वतंत्र निर्मितीची इच्छा हा अपराध आणि आजार ही त्याची शिक्षा, असा अर्थ नकळत ध्वनित होतो. एड्ससारख्या आजाराविषयी वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाने तरी तो निमूटपणे स्वीकारू नये.

किंबहुना मर्क्युरी यांचे एकल गायन समूहाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेहूनही जुने आहे. 1973 च्या जून महिन्यात, ‘क्वीन’ची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात येण्याच्या काही दिवस आधी, ‘लॅरी ल्युरेक्स’ या टोपणनावाने त्यांनी ‘आय कॅन हिअर म्युझिक’ हे गाणे प्रसिद्ध केले. त्यात साथीला मे आणि टेलर हेच होते. गाण्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

‘मिस्टर बॅड गाय’

यानंतर अकरा वर्षांनी, 1984 मध्ये, संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी फ्रिट्झ लांग यांच्या 1927 च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाची नवी आवृत्ती सादर केली. तिच्यासाठी मर्क्युरी यांनी ‘लव्ह किल्स’ हे गीत गायिले आणि ते ब्रिटनमध्ये दहाव्या स्थानी पोहोचले. दरम्यान म्युनिक येथील म्युझिकलँड स्टुडिओत त्यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेचे काम चालू होते. 29 एप्रिल 1985 रोजी ‘मिस्टर बॅड गाय’ प्रसिद्ध झाली. अकराही गीते त्यांचीच. निर्मितीत राइनहोल्ड मॅक यांचा सहभाग होता. अर्पणपत्रिकेत मानाचे स्थान जेरी नावाच्या मांजराला व विश्वातील समस्त मांजरप्रेमींना आहे. ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेली, अमेरिकेत मात्र ती पहिल्या शंभरातही आली नाही.

या ध्वनिमुद्रिकेचा दोष कोणता? गीते दुबळी नाहीत. ‘मेड इन हेवन’ आणि ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’ या रचना त्यांच्या उत्तम रचनांत गणता येतील. परंतु ज्या पियानोवर हा कलावंत घडला, तोच येथे सिंथेसायझर आणि यांत्रिक तालाच्या आड गेलेला आहे. म्युनिकमधील नृत्यगृहांचे संगीत त्या काळी त्यांना प्रिय होते आणि ते त्यांनी मोकळेपणाने आपलेसे केले. गिटारचा प्रतिवाद नसल्याने गाणी एकसुरी होण्याचा धोका होता, आणि काही ठिकाणी तो टळलेला नाही. अपवाद ‘लिव्हिंग ऑन माय ओन’चा. त्यात अर्थहीन अक्षरांवर खेळणारा गळा आणि त्याच्याशी थट्टा करणारा पियानो यांची जुगलबंदी ऐकण्याजोगी आहे. 1985 मध्ये हे गाणे ब्रिटनच्या क्रमवारीत जेमतेम पन्नासाव्या स्थानी थांबले. ध्वनिमुद्रिका आल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, 13 जुलै रोजी, वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’मध्ये ‘क्वीन’ने सुमारे एकवीस मिनिटे गाऊन इतिहास घडविला. त्या तेजापुढे एकल प्रयत्न झाकोळून जाणे अटळ होते.

बार्सिलोना

1986 मध्ये डेव्ह क्लार्क यांच्या ‘टाइम’ या संगीत नाटकासाठी गाताना मर्क्युरी यांची पियानोवादक माइक मोरन यांच्याशी गाठ पडली. हा प्रसंग वरवर किरकोळ वाटला तरी एकल कारकिर्दीतील खरे वळण तोच होय. त्यांना आता तोलामोलाचा सहरचनाकार लाभला. 1987 च्या प्रारंभी ‘द ग्रेट प्रिटेंडर’ हे ‘द प्लॅटर्स’चे 1955 चे गाणे त्यांनी गायिले व ते चौथ्या स्थानी पोहोचले. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ‘एक्सरसाइजेस इन फ्री लव्ह’ ही शब्दविरहित रचना होती : केवळ स्वरांवर आणि स्वरव्यंजनांच्या ध्वनींवर चालणारी, वरच्या सप्तकात कृत्रिम गळ्याने गायिलेली. ती एका विशिष्ट गायिकेला उद्देशून होती.

ती गायिका म्हणजे स्पेनच्या ऑपेरा कलावती मॉन्सेरात काबाये. वर्दी यांच्या ‘उन बालो इन मास्केरा’मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये मर्क्युरी यांनी त्यांना ऐकले होते, आणि स्पॅनिश दूरचित्रवाणीवर त्यांच्या आवाजाची मुक्तकंठाने प्रशंसाही केली होती. मार्च 1987 मध्ये बार्सिलोना येथे दोघांची भेट झाली. काबाये यांना एक गीत पुरेसे वाटले नाही आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचा संकल्प सोडला गेला. बार्सिलोना ही काबाये यांची जन्मभूमी. 1992 च्या ऑलिंपिक स्पर्धा त्या नगरीला 1986 मध्येच मिळालेल्या होत्या. ‘बार्सिलोना’ हे गीत ऑक्टोबर 1987 मध्ये आले व ब्रिटनमध्ये आठव्या स्थानी पोहोचले. संपूर्ण ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर 1988 मध्ये निघाली. बहुतेक रचना मर्क्युरी व मोरन यांच्या असून दोन गीतांच्या लेखनात टिम राइस यांचा वाटा आहे. ‘एक्सरसाइजेस’च्या स्वरांवर काबाये यांनी शब्द लिहिले व ती रचना ‘एन्सुएन्यो’ झाली.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. ऑपेराच्या गायिकेसमवेत गाताना मर्क्युरी ऑपेराचे गायक होऊ पाहत नाहीत. काबाये यांचा स्वर प्रशिक्षित, गोल, अखंड. मर्क्युरी यांचा टोकदार, श्वासयुक्त, शब्दाला धार लावणारा. दोघांनी आपापली रीत सोडली नाही, म्हणूनच द्वंद्वगीत जिवंत राहिले. संगीत नाटकातील नटगायक आणि बैठकीचा गवई एका रंगमंचावर आले तर काय होईल, याची कल्पना मराठी रसिक सहज करू शकेल. वाद्यमेळाची बाजू मात्र लंगडी राहिली. बव्हंशी तो सिंथेसायझरवर निर्माण केलेला होता. ही उणीव 2012 मध्ये प्रत्यक्ष वाद्यवृंदासह काढलेल्या नव्या आवृत्तीने भरून काढली.

ध्वनिमुद्रण सुरू असताना मर्क्युरी यांना आपल्या आजाराची पूर्ण कल्पना होती. 8 ऑक्टोबर 1988 रोजी बार्सिलोना येथील ‘ला नित’ सोहळ्यात ते काबाये यांच्यासमवेत रंगमंचावर आले, पण गाणी आधी मुद्रित केलेली होती. मोठ्या रंगमंचावरील त्यांचे हे अखेरचे सादरीकरण. 23 नोव्हेंबर 1991 रोजी त्यांनी एड्सविषयी जाहीर निवेदन केले व दुसऱ्याच दिवशी लंडन येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधी झरतुष्ट्री धर्मगुरूंच्या उपस्थितीत झाला.

मरणोत्तर

जे यश हयातीत हुलकावणी देत राहिले ते नंतर आले. 1992 च्या ऑलिंपिक वर्षात पुन्हा प्रसिद्ध झालेले ‘बार्सिलोना’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानी गेले. 1993 मध्ये ‘लिव्हिंग ऑन माय ओन’चे नव्या तालात बसविलेले रूप पहिल्या स्थानी पोहोचले, तेच गाणे जे आठ वर्षांपूर्वी पन्नासावर थांबले होते. 1995 मध्ये उर्वरित तिघांनी ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही दोन एकल गीते घेऊन, मूळ गायन तसेच ठेवून, सभोवती गिटार, बास व ड्रम नव्याने वाजविले. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकली असता पियानो-गिटार यांच्या ताणाविषयी वर मांडलेला मुद्दा कोणत्याही विद्यार्थ्याला ऐकूनच पटविता येतो. वर्गाध्यापनासाठी इतके सोयीचे उदाहरण क्वचित सापडते.

1975 मध्ये विकत घेतलेला आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ज्यावर रचली गेली तो त्यांचा यामाहा पियानो सप्टेंबर 2023 मध्ये लंडनच्या सदबीज येथील लिलावात सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीस विकला गेला. त्यापूर्वी, 2019 मध्ये, डेव्ह क्लार्क यांनी ‘टाइम’मधील 1986 चे गीत नव्याने प्रसिद्ध केले. मूळ मुद्रणात आवाजावर आवाज चढविलेले होते आणि भरगच्च साथ होती. ते सारे दूर करून या आवृत्तीत केवळ दोन गोष्टी ठेवल्या आहेत : मर्क्युरी यांचा गळा आणि माइक मोरन यांचा पियानो.