खेळण्याची मूठ

नर्फ हे फोमचे बाण उडवणारे अमेरिकन खेळणे. हौशी मंडळी त्यात कडक स्प्रिंग घालतात. मग ती ताणण्यासाठी वरचा सरकता भाग चिमटीत ओढताना बोटे दुखतात. यावर मी नळीवर मूठ बसवतो. नळीवर सैल सरकेल असा, तळहाताएवढा पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्यावा, कडा घासाव्यात आणि सारख्या लांबीच्या दोन पट्ट्यांनी तो सरकत्या भागाला दोन्ही बाजूंनी जोडावा. ओढ एकाच बाजूला पडली, तर तो भाग तिरका होऊन अडकतो.

मुठीने श्रम कमी होतात, बाणाचा वेग नव्हे. नर्फच्या बाणांनी डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तिघांची नोंद लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा आधी संरक्षक चष्मा, मगच मूठ!